भावाच्या नावावर पीएच.डी. नको

देवगड तालुक्यातल्या खाडीकाठच्या एका वाडीतून आलेलं हे पत्र. लिहिणारी २४ वर्षांची आहे. मुंबईत एम.एस्सी. केलं, नेट देऊन जेआरएफ मिळवली, गेलं दीड वर्ष पुण्याच्या एका प्रयोगशाळेत प्रकल्पावर काम करते आहे. वडिलांची हापूसची कलमं आहेत. धाकटा भाऊ १९ वर्षांचा, त्याला फ्रॅजाइल एक्स हा बौद्धिक वाढीवर परिणाम करणारा आनुवंशिक विकार आहे. हे कळेपर्यंत तो ११ वर्षांचा झाला होता. तोवर गाऱ्हाणी, नवस, देवस्की सगळं करून झालं. मुंबईत रक्त तपासल्यावर 'आईकडून आलं' एवढं एकच वाक्य घरी पोचलं, आणि आजी तेव्हापासून आईला बोल लावते आहे.

आता तिला फ्रान्समध्ये, स्ट्रासबर्गला लागून असलेल्या इल्कीर्श गावातल्या जनुकशास्त्र आणि रेणवीय व पेशी जीवशास्त्राच्या संस्थेत पीएच.डी.ची जागा मिळते आहे. या संस्थेला सगळे आयजीबीएमसी म्हणतात. तिने अर्ज केला तो 'भावाचा जीन जिथे सापडला तिथे जायचं' म्हणून. पण जागा मिळाली ती वेगळ्याच गटात, पेशी डीएनए वाचते कशी याचा अभ्यास करणाऱ्या. बंगळूरच्या एका संस्थेतही तिची निवड झाली आहे. बाबा म्हणतात, "जातलंस तर जा गो, पण परत येतलंस मां?" आई म्हणते, "आमच्यामागे याचं कोण?" तिचा प्रश्न असा: "ताई, त्याच्यासाठी औषध शोधणार असते तर घर सोडल्याचं पाप फिटलं असतं. आता तेही नाही. मग जाऊ की नको?"

---

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं, परदेश की घर हा नेहमीचाच पेच आहे. दुसऱ्यांदा लक्षात आलं की चार पानांत 'पाप', 'फेडणं', 'देणं', 'ऋण' हे शब्द अकरा वेळा आलेत. तिसऱ्यांदा वाचताना मात्र दोन वाक्यांवर अडकले. ती तू जाता जाता लिहिली आहेस आणि तुझ्या प्रश्नाशी त्यांचा काही संबंध आहे असं तुला वाटलेलं दिसत नाही. त्यांच्याकडे मी येणार आहे, कारण मला ती तुझ्या प्रश्नापेक्षा तातडीची वाटतात.

आधी औषधाचं बघू. तू विज्ञानाची आहेस, त्यामुळे यातलं बरंच तुला माहीत असणार. पण हे सदर तुझ्यासारख्या इतरांच्या घरीही वाचलं जातं.

फ्रॅजाइल एक्सचा जीन, एफएमआर१, १९९१ साली सापडला. तो शोधणाऱ्यांत स्ट्रासबर्गचा झाँ-लुई मांदेल यांचा गट होता, हे तुझं बरोबर. पण तेव्हा ती संस्था उभीच राहिली नव्हती. पिएर शाँबाँ यांनी ती १९९४ मध्ये स्थापन केली. त्याआधी ही मंडळी स्ट्रासबर्गच्या वैद्यकीय विद्याशाखेत काम करायची. म्हणजे तू ज्या इमारतीला जागृत देवस्थान मानून अर्ज केलास, तिथे तो जीन सापडलेलाच नाही. हे मी चिडवायला सांगत नाही. एखाद्या वास्तूशी आपण नवस बोलून बसलो की तिथे रोज नेमकं काय चालतं ते बघायचं राहून जातं, म्हणून सांगते.

जीन सापडल्यानंतर काय झालं तेही बघ. १९९४ पर्यंत तो जीन बंद केलेला उंदीर तयार झाला. चेतापेशींवरच्या एका ग्राहीला, म्हणजे निरोप झेलणाऱ्या रेणूला, आवर घातला की या उंदरांची बरीच लक्षणं सुधारतात असं पुढे दिसलं. जगभरच्या पालकांनी देव पाण्यात ठेवले. मग दोन मोठ्या औषध कंपन्यांनी माणसांवर चाचण्या घेतल्या आणि २०१४ च्या सुमारास थांबवल्या, कारण उंदराला जे लागू पडलं ते माणसांत दिसेना. यात कुणी आळशी नव्हतं, पैसाही कमी पडला नव्हता. शेकडो लोकांनी तीस वर्षं घासूनही जे झालं नाही ते तू एकटीने तीन वर्षांच्या पीएच.डी.त करायचं, आणि नाही झालं तर पाप तुझ्या माथ्यावर, हा हिशेब कुणी घातला? पत्रात तरी आईबाबांचं तसं वाक्य नाही. तो तूच घातलास.

आता 'वेगळाच गट' मिळाल्याच्या खंतेविषयी. १९७७ साली शाँबाँ यांच्या प्रयोगशाळेत तिघांनी कोंबडीचा एक जीन तपासला, अंड्याच्या पांढऱ्यातलं मुख्य प्रथिन बनवणारा. त्यांना दिसलं की हा जीन सलग नाही. मध्येमध्ये तुटलेला आहे, आणि मधले तुकडे गाळून निरोप पुढे जातो. प्राण्यांचे जीन असे खंडित असू शकतात हे त्या काळात फारच थोड्यांना ठाऊक होतं. त्या तिघांतले एक म्हणजे हेच मांदेल. पुढे तुझ्या भावाच्या जीनपर्यंत पोचलेला माणूस आधी कोंबडीच्या अंड्यात डोकं घालून बसला होता. तेव्हा त्यांच्या एखाद्या नातेवाइकाने 'याचा कुणाला उपयोग काय?' असं विचारलं असतं तर त्यांच्याकडे तरी उत्तर होतं का? २०२२ मध्ये मेंदूविज्ञानाचं कावली पारितोषिक ज्या चौघांना मिळालं त्यांत ते होते.

शिवाय तुझ्या भावाचा जीन मोडलेला नाही. जीनच्या सुरुवातीला सी-जी-जी ही तीन अक्षरं पुन्हा पुन्हा येतात. बहुतेकांत ती ४४ वेळांपर्यंत येतात. २०० च्या वर गेली की पेशी त्या जीनवर जणू कुलूप घालते, तो वाचलाच जात नाही आणि प्रथिन बनत नाही. ग्रंथ शाबूत आहे, पण उघडायचाच बंद केलाय. आणि जीन वाचला कसा जातो, हाच तुझ्या गटाचा विषय आहे ना?

थांब, लगेच आनंदू नकोस. 'म्हणजे शेवटी हे भावासाठीच' असं म्हणून तू पुन्हा त्याच ओझ्याला दोरी बांधशील ही मला भीती आहे. पत्रात एकच जागा अशी आहे जिथे पाप नाही, ऋण नाही: पुण्यात पहिल्यांदा गोठवलेल्या प्रथिनांची सूक्ष्मदर्शकातली चित्रं पडद्यावर आली, 'रात्रीचे दोन वाजले तरी कळलं नाही, मेसचा डबा तसाच राहिला.' पीएच.डी. या वाक्यावर निघते. अपराधीपणावर फार तर पहिले सहा महिने निघतात. मग प्रयोग फसायला लागतात, सगळ्यांचेच फसतात, आणि प्रत्येक फसलेला प्रयोग तुला 'मी भावाला फसवलं' असा वाटू लागेल. तसं वाटून घेऊन काम करणाऱ्या मुली मी पाहिल्यात. त्यातली एक माझ्या नात्यातली. तिचा प्रबंध पुरा झाला. पण आता कुठलीच प्रयोगशाळा तिला बघवत नाही.

आता ती दोन वाक्यं.

पहिलं: 'आईचे बाबा शेवटी शेवटी थरथरायचे, झोकांड्या जायचे, गावात लोक दारू म्हणायचे, पण ते माळकरी होते.' दुसरं, आईच्या थकव्याबद्दल लिहिताना: 'तिची पाळी ३८ व्या वर्षीच गेली.'

मी डॉक्टर नाही आणि पत्रावरून निदान करू नये हे मला कळतं. पण या विकाराबद्दल जे पक्कं माहीत आहे ते असं. ती तीन अक्षरं ५५ ते २०० वेळा येत असली तर ती व्यक्ती वाहक असते. वाहकांना भावासारखा विकार होत नाही. पण काही वाहक पुरुषांना पन्नाशी-साठीनंतर हातांना कंप सुटतो, चालताना तोल जातो. आणि वाहक स्त्रियांपैकी साधारण पाचातल्या एकीच्या अंडाशयाचं काम चाळिशीच्या आत मंदावतं. आजोबांचं आणि आईचं हे असेल किंवा नसेल, दोन्हींना इतर कारणंही असतात. पण भावाचा अहवाल पुढ्यात असताना या दोन गोष्टी आनुवंशिक विकारांच्या समुपदेशकाला न सांगणं चूक ठरेल.

समज, आजोबा वाहक होते. हा जीन एक्स गुणसूत्रावर असतो. पुरुषाकडे एक्स एकच, आणि तो प्रत्येक मुलीला जातोच. म्हणजे तुझ्या आईला तो मिळाला आणि कुडाळच्या मावशीलाही मिळालाच. मामांना नाही, त्यांना आजोबांकडून वाय मिळाला. बापाकडून मुलीकडे जाताना ही संख्या २०० च्या पलीकडे उडी मारत नाही. आईकडून मुलाकडे किंवा मुलीकडे जाताना मारू शकते. म्हणून आजोबांच्या पिढीत नुसती थरथर, आईच्या पिढीत लवकर गेलेली पाळी, आणि तुमच्या पिढीत एकदम भाऊ. आजीला हे एकदा कुणीतरी शांतपणे सांगायला हवं. आईकडून आलं म्हणजे आईचा दोष नव्हे. आईलाही ते कुणाकडून तरी आलं, त्या माळकरी माणसाने ते काही बाजारातून आणलं नव्हतं. कलमांत राबलेल्या माणसाला खरं तर हे समजायला अवघड नाही. हापूसचं कलम डोळे झाकून हापूसच देतं, पण कोय रुजत घातली की काय उगवेल ते कोण सांगणार? आपण सगळे कोयीचे आहोत.

आणि तू? भावाला मिळालेला एक्स तुलाही मिळाला असण्याची शक्यता निम्मी. एम.एस्सी. झालेली, जीन-जीन करत फ्रान्सला निघालेली मुलगी, आणि चार पानांत स्वतःची तपासणी करून घेतल्याचा शब्द नाही. मला वाटतं विसर पडलेला नाही, भीती आहे. भीती वाटणं साहजिक आहे. पण तू वाहक असलीस तर मुलं कधी हवीत याचा विचार मैत्रिणींपेक्षा जरा आधी करावा लागेल, आणि ते २४ व्या वर्षी कळलेलं बरं की ३६ व्या? मावशीच्या दोन मुलींच्या बाबतीतही तेच. मूल होण्याआधी कळलं तर गर्भाची तपासणी करता येते, पर्याय हातात राहतात.

वाटेत एक स्थळाचंही लिहिलं आहेस, कणकवलीचं. काकी म्हणते भावाचं 'बारीक काहीतरी' एवढंच सांगा. नको. लपवून जमवलेलं लग्न पहिल्या बाळंतपणात उघडं पडतं. याच्यावर यापेक्षा जास्त लिहीत नाही.

तेव्हा फ्रान्सला उत्तर पाठवण्याआधी एक मुंबईची फेरी कर. भावाचा जुना अहवाल, मूळ प्रत, बरोबर घे. तो हरवला असेल तर जिथे तपासणी झाली तिथून दुसरी प्रत माग. 'फ्रॅजाइल एक्स आहे' एवढं पुरेसं नाही, ती तीन अक्षरं किती वेळा येतात तो आकडा लागतो. परळच्या केईएमसारख्या मोठ्या सार्वजनिक रुग्णालयात आनुवंशिक विकारांचा बाह्यरुग्ण विभाग असतो. कुठल्या दिवशी असतो ते आधी फोनवर विचारून मगच कोकणकन्येचं तिकीट काढ, नाहीतर फुकट हेलपाटा. तुझ्याबरोबर आई हवी. रक्त देण्याआधी समुपदेशकाशी बोलणं व्हायला हवं, निकालानंतर पुन्हा. आणि निकाल येईपर्यंत निर्णय अडवून ठेवू नकोस. वाहक निघालीस म्हणून जायचं नाही किंवा नाही निघालीस म्हणून जायचं, असं काहीच नसतं.

आईच्या प्रश्नाला, 'आमच्यामागे याचं कोण?', माझ्याकडे तुझ्यापेक्षा वेगळं उत्तर आहे. तू घरी राहिलीस तरी तो प्रश्न सुटत नाही, फक्त झाकला जातो. भाऊ १९ वर्षांचा, कायद्याने सज्ञान. उद्या बँकेत, सातबाऱ्यावर, रुग्णालयात त्याच्या वतीने सही कोण करणार? १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली बौद्धिक अपंगत्व असलेल्या सज्ञान व्यक्तीसाठी पालकत्व मागता येतं. जिल्हाधिकारी ज्या स्थानिक समितीत असतात तिच्याकडे अर्ज जातो, म्हणजे तुम्हाला ओरोस. अपंगत्वाचं यूडीआयडी कार्ड काढलंय का? तुझ्या पत्रात फक्त शाळेने दिलेल्या दाखल्याचा उल्लेख आहे, तो पुरत नाही. ते झालं की निरामय योजनेतून वर्षाला एक लाखापर्यंतचा आरोग्य विमा मिळतो. बाबांनी मृत्युपत्र केलंय का? कलमांचं उत्पन्न कुणाच्या हातून त्याच्यापर्यंत येणार, हे लिहिलंय का? हे सगळं या पावसाळ्यात होण्यासारखं आहे, आणि ऑक्टोबरात निघण्याआधी ते करून दिलंस तर आईला 'मी औषध शोधेन' यापेक्षा कितीतरी जास्त निर्धास्त वाटेल.

ज्यांच्या घरी असंच मूल आहे आणि अजून १८ चं झालेलं नाही, त्यांनी हा परिच्छेद कापून ठेवावा.

आता निवड. बंगळूर 'कमी प्रतीचं' असा सूर तुझ्या पत्रात आहे, तो मला पटला नाही. फ्रॅजाइल एक्सच्या उंदरांच्या मेंदूवर बंगळूरमध्ये वर्षानुवर्षं चांगलं काम झालं आहे. खरोखरच या विकारावर काम करायचं असेल तर तुला इल्कीर्शपेक्षा बंगळूर जवळचं, विषयानेही आणि गाडीनेही. आणि भारतात पीएच.डी. करतानाही रामन-शार्पाक शिष्यवृत्तीवर काही महिने फ्रान्सच्या प्रयोगशाळेत जाऊन येता येतं. उलट, तुला प्रथिनांच्या त्या चित्रांचं वेड असेल तर इल्कीर्शच्या गटाकडे त्यातलं कसब आणि यंत्रं आहेत. तिथली पीएच.डी. मुळात तीन वर्षांच्या पगारी कराराची असते, आपल्याकडे पाच-सहा सहज जातात. चौथं वर्ष लागलं तर पैसे बहुधा वेगळे मागावे लागतात. म्हणून मार्गदर्शकाला आत्ताच, स्पष्ट विचार: चौथ्या वर्षाचं काय? आधीचे विद्यार्थी किती वर्षांत बाहेर पडले? त्यातल्या दोघांशी, मार्गदर्शकाला मध्ये न घेता, बोल. सुट्ट्या किती आणि सलग मिळतात का ते विचार. फ्रान्समध्ये वर्षाला पाच आठवडे कायद्याने असतात, ते मागायला लाजू नकोस. हंगामात एकदा घरी येणं त्यात बसतं. प्रयोगशाळेत इंग्रजी चालतं, पण भाड्याचं घर, बँक आणि सरकारी कागद फ्रेंचमध्ये असतात, तेव्हा जून ते सप्टेंबर रोज तासभर फ्रेंच.

माझं मत विचारशील तर तुझा कल इल्कीर्शकडे आहे आणि तो बरोबर आहे असं मला वाटतं, मात्र कोंबडीच्या अंड्याच्या बाजूने, भावाच्या नावाने नव्हे. बंगळूर तू केवळ 'निदान भावाच्या विषयावर' म्हणून घेणार असशील तर तेही मला नको आहे.

बाबांना मात्र 'परत येतंय' असं वचन देऊन मोकळी होऊ नकोस. तीन वर्षांनी तुला काय वाटेल ते तुला आज कसं कळणार? त्यांना तेवढंच सांग, आणि दरवर्षी कधी येणार ते सांग. ज्यांनी सगळं आयुष्य मोहोराच्या भरवशावर काढलं त्यांना अनिश्चित गोष्ट समजते. खोटं वचन मात्र त्यांना लगेच ओळखू येईल.

एक राहिलं. भाऊ पेट्यांत पेंढा भरतो, एकसारखा, आणि त्याचा थर कुणी हलवला तर चिडतो, हे तू किती प्रेमाने लिहिलंस. पण अख्ख्या पत्रात त्याला कुणी विचारलेलं नाही. बाबांचं वाक्य आहे, आईचं आहे, काकीचंसुद्धा आहे; त्याचं एकही नाही. त्याला औषधच हवंय असं आपण धरून चाललोय, त्याला कदाचित ताई रात्री फोनवर दिसायला हवी असेल. अशा मुलांना बदलापेक्षा अचानकपणा जास्त जाचतो. भिंतीवर दिनदर्शिका लाव, जायच्या दिवसावर विमान काढ, यायच्या दिवसावर घर. फोनची वेळ एकच ठेव. तुमचे रात्रीचे आठ म्हणजे तिथले उन्हाळ्यात साडेचार, हिवाळ्यात साडेतीन. तू प्रयोगशाळेतच असशील, पण दहा मिनिटं बाहेर येता येतं. निघण्याआधी महिनाभर, घरात असतानाच, दुसऱ्या खोलीतून त्याच वेळी त्याला फोन लावून बघ.

आणि कुडाळच्या मावशीला हे सगळं सांगायचं तर फोन तू लावू नकोस. आईला लावू दे. आजवर या घरात तिने फक्त ऐकून घेतलंय. तू शेजारी बस, आकडे लागले तर सांग.